एकतिसाव्या पानावरचा धोटा

उधना, सुरत
१५ जानेवारी १९९५

ती. सुमनआत्यास,
सुलभाचा साष्टांग नमस्कार.

हिलालभाऊंच्या ट्रकमधून तिळगूळ पाठवलाय. अमळनेरला पोचेपर्यंत त्याचा भुगा झाला असेल तर चमच्याने खा, पण गोडच बोल.

मंडळाचं वाचनालय पुन्हा उघडलं. सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने सगळे पळाले तेव्हा आम्हीही तुझ्याकडेच येऊन पडलो होतो, ते तू विसरली नसशीलच. परत आलो तर वाचनालयाच्या पायरीवर पांढऱ्या पावडरीची जाड रेघ होती आणि आत सगळं जिथल्या तिथे. मंडळाने किल्ली माझ्या गळ्यात मारली. कारण काय, तर माझी आत्या धुळ्याला जन्मभर ग्रंथपाल होती! म्हणजे तुझ्या पुण्याईवर मी खुर्चीत बसलेय.

एक अडचण आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांची दोन कपाटं भरून पडलीत आणि कुणी हात लावत नाही. रहस्यकथा मागतात, दिवाळी अंक मागतात. ऐतिहासिक म्हटलं की लोकांना शाळेतल्या सनावळ्या आठवतात आणि ते दाराकडे सरकतात. यांना या पुस्तकांची गोडी कशी लावू, सांग.

गेल्या आठवड्यात मात्र एक बाई आपणहून आली. अनुसया नाव, भेस्तानला एका खोलीत राहते, घरी साड्यांना टिकल्या लावते. तिचा नवरा सुकदेव लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, कारागीर होता आणि आपला सभासद. तो वाचायचा ते फक्त ऐतिहासिक, आणि संध्याकाळी ही भाकरी थापत असली की हिला मोठ्याने वाचून दाखवायचा. प्लेगच्या गर्दीत त्याने हिला उधना स्टेशनवर भुसावळच्या गाडीत कोंबलं आणि म्हणाला, "वाचनालयाचं पुस्तक टाकून येतो, मागच्या गाडीने निघतो." वाचनालय तर बंद होतं. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही. दवाखाने झाले, पोलीस झाले. माणूसही नाही आणि पुस्तकही नाही. पुस्तक होतं «मुगलीसऱ्याचा विणकर», जुन्या सुरत बंदरातल्या एका विणकराची गोष्ट. तो आपलं कापड घेऊन जहाजावर चढतो, तिथपर्यंतच वाचून झालं होतं म्हणे.

तुला ठाऊक आहे, जुने वाचक आपण वाचलेलं पुस्तक पुढच्या वेळी ओळखू यावं म्हणून एका ठरलेल्या पानावर पेन्सिलीने खूण करतात. कुणाचं टिंब, कुणाची फुली. सुकदेवची खूण, अनुसयेने सांगितली ती, एकतिसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. मागावरचा धोटा, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. तांदळाच्या दाण्याएवढा, दोन्ही टोकांना निमुळता. अनुसया म्हणाली, "त्यानी वाचेल पुस्तके माले द्या, ताई. मी चौथी शिकेल शे, वाचसू हळूहळू." मी कपाट उघडलं आणि एकेक पुस्तकाचं एकतिसावं पान पाहत बसले. इतकं जपून मी कधी पुस्तक उघडलं नव्हतं. ही बाई अजून ठसठशीत कुंकू लावते गं.

तुझी
सुलभा

---

अमळनेर
२९ जानेवारी १९९५

चि. सौ. सुलभास,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ चमच्यानेच खाल्ला. गोड बोलायचं बघते.

पहिली गोष्ट, पुस्तकात खुणा करणाऱ्यांना मी धुळ्यात उभं करत नसे. तुझ्या त्या खुणांचं कौतुक मला सांगू नकोस. दुसरी गोष्ट, तू वाचकाला "ऐतिहासिक देऊ का?" असं विचारत असशील तर तो पळेलच. त्याला विचार, तुझे वडील काय काम करायचे? लहानपणी घरात काय शिजायचं? नदीकाठी राहिलास की डोंगरात? मग त्याचं काम, त्याची नदी, त्याची भाकरी ज्या कादंबरीत असेल ती त्याच्या हातात ठेव आणि सन कुठला ते सांगूच नकोस. आपल्या घरातलं माणूस भेटलं की तीनशे वर्षं मागे जायला कुणाला तिकीट लागत नाही. आणि पहिलं प्रकरण स्वतः वाचून दाखव. ऐन रंगात आलं की मिटून टाक. हा लबाडपणा सरकारमान्य आहे.

त्या अनुसयेचं वाचून वाईट वाटलं. पत्र दोनदा वाचलं. तुमच्याकडे धोट्याची पुस्तकं किती निघणार? आठ? दहा? ती संपली की ती काय करील? मी इथल्या जुन्या बाजारातून काही चांगल्या कादंबऱ्या जमवते आणि हिलालबरोबर पाठवत जाते. तुझ्या त्या कपाटालाही नवं रक्त हवं.

तुझी
आत्या

---

उधना
२२ मार्च १९९५

ती. आत्या,

तुझी युक्ती लागू पडली! कोपऱ्यावरच्या मगन चहावाल्याला सुकदेवच्या धोट्याचीच, छावणीच्या बाजाराची कादंबरी दिली. आता लढाईचं काय झालं याची त्याला फिकीर नाही, पण त्यातल्या हलवायाची भट्टी पावसात विझली म्हणून दोन दिवस हळहळत होता. सगळ्या भेस्तानला त्याने ती गोष्ट चहाबरोबर वाटली. बायका येऊन म्हणतात, "ते धोटावालं पुस्तक द्या." सुकदेवला आवडलं ते चांगलंच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलंय. मीही आता कुणी विचारलं की एकतिसावं पान बघते आणि देते. तू रागावशील, पण तुमच्या ग्रंथपालांच्या सगळ्या सूचींपेक्षा हा धोटा कामाला आलाय.

आता जे लिहिते ते नीट वाच.

अनुसयेने धोट्याची सगळी पुस्तकं वाचून संपवली. गेल्या सोमवारी मी तिला म्हटलं, बाई, संपली आता. ती नुसती खुर्चीवर बसून राहिली. तिच्याकडे बघवेना म्हणून तू पाठवलेल्या पिशवीतलं वरचं पुस्तक काढलं, किल्लेदाराच्या सुनेची ती कादंबरी, आणि सवयीने एकतिसावं पान उघडलं. आत्या, तिथे धोटा होता! खालच्या कोपऱ्यात, तांदळाएवढा. माझ्या हातातून पुस्तक पडलं. पिशवीतल्या दुसऱ्या पुस्तकातही होता.

अनुसयेने पाहिलं. मला वाटलं ती रडेल. तिने पानावरून बोट फिरवलं, पुस्तक पदराखाली घेतलं आणि गेली.

सुकदेव कधी अमळनेरला होता का गं? त्याने ही पुस्तकं तिकडे वाचून विकली असतील का? की तो तिकडेच कुठे आहे? त्या बाजारवाल्याला विचारशील का?

तुझी
सुलभा

---

अमळनेर
३ एप्रिल १९९५

चि. सुलभास आशीर्वाद.

जुनी पुस्तकं गावोगाव फिरतात. कुठली खूण कुठून आली याचा छडा लावत बसू नये. बाजारवाल्याला काही आठवत नाही. अनुसया वाचतेय ना? वाचू दे.

आणखी दोन पाठवलीत. एक मीठ वाहणाऱ्या लमाणांची आहे, दुसरीत तापीचा पूर आहे. आधी लमाणांची दे. पुराची जरा जड आहे, तिला थोडी सवय झाली की झेपेल.

पाठदुखी तशीच. उन्हाळा जपून.

आत्या

---

उधना
१८ ऑगस्ट १९९५

ती. आत्या,

मधे लिहायला जमलं नाही. खरं सांगायचं तर लिहायची भीती वाटत होती.

तुझ्या चारही पुस्तकांत धोटा निघाला. हरवलेल्या माणसाच्या नव्या खुणा येताहेत हे कळल्यापासून भेस्तानच्या बायका धोट्याचं पुस्तक मागत नाहीत. मगनने हलवायाची कादंबरी परत आणून दिली, तीही कागदात गुंडाळून, आणि हात धुवायला पाणी मागितलं. वाचनालयात एकटी अनुसया येते. दुपारी, मी कपाटं पुसत असते तेव्हा. खिडकीजवळ बसते, बोट ओळीवर ठेवून वाचते. पानाच्या तळाशी आली की थांबते. लगेच उलटत नाही. मी एकदा विचारलं, कठीण शब्द आहे का? तर म्हणाली, "त्यानं व्हवू द्या." त्याचं होऊ दे! शेजारची खुर्ची तिने जरा बाहेर ओढून ठेवलेली असते. त्या खुर्चीवर मी आता बसत नाही.

गेल्या रविवारी तिचा दीर चिंधा गावाहून आला. भला माणूस आहे, वाचनालयाच्या दारात चपला काढून उभा राहिला. म्हणाला, वर्ष होत आलं, आई झुरतेय, भावाला पाणी मिळत नाही. पितृपक्षात पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देऊ, वहिनीला गावी नेऊ, पोटच्या पोरीसारखी ठेवू. तुम्ही तिला समजवा, ती तुमचं ऐकेल. अनुसया तिथेच होती. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "कसाना पुतळा? तो अजून वाची ऱ्हायना." अजून वाचतोय तो!

चिंधा माझ्याकडे बघत राहिला. मला तोंड लपवायला जागा नव्हती. जिवंत माणसाचा पुतळा जाळायचा नसतो, आणि खुणा येताहेत तोवर तिच्या लेखी तो जिवंत आहे. ती धड खात नाही. खोलीत एकटी आहे. हे असंच चाललं तर त्या खिडकीशी बसून ती सुकून जाईल.

म्हणून सरळ विचारते. आत्या, त्या खुणा तू काढतेस का?

तूच काढतेस असं लिही. मला फार बरं वाटेल. कारण परवा पुण्याच्या दुकानातून मंडळाचं नवं पार्सल आलं. सुतळी मी स्वतः कापली. «मुगलीसऱ्याचा विणकर»ची नवी प्रत मागवली होती, हरवलेलीच्या जागी. इतकी कोरी की शेवटची पानं कडेला एकमेकांना चिकटलेली, कापायचीच राहून गेलीत. पण पुस्तक उघडलं तर लूमच्या तेलाचा वास आला, कारागिरांच्या कपड्यांना येतो तो. आणि एकतिसाव्या पानावर धोटा आहे. हा जरा वेगळा आहे. याच्या टोकातून एक बारीक धागा निघालाय, पानाच्या कडेपर्यंत.

पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडे आहे. अनुसयेला काही सांगितलेलं नाही.

सुलभा

---

अमळनेर
२४ ऑगस्ट १९९५

चि. सुलभास,

हो. मीच काढल्या.

तुझं जानेवारीचं पत्र वाचलं आणि डोळ्यांसमोर ती बाई आली, शेवटचं पुस्तक मिटून बसलेली. तूच लिहिलं होतंस, एकतिसावं पान, खालचा कोपरा, तांदळाएवढा. मी पेन्सिलीला टोक केलं. जन्मभर लोकांना पुस्तकात रेघ मारली म्हणून बोल लावला आणि म्हातारपणी हे केलं. मला वाटलं, चार पुस्तकं आणखी वाचेल, तोवर तिला वाचनाची गोडी लागेल, मग खुणेवाचूनही पुस्तक उचलेल. कुठलं आधी, कुठलं नंतर, सगळं मी तिच्यासाठी लावून ठेवलं होतं. वाचकाला पुस्तकापर्यंत नेण्याचा हा माझा शहाणपणा. त्याने मी एका बाईचा शोक अडवून धरला. चिंधाच्या आईचं वाचून मला जेवण गेलं नाही.

तू तिला खरं सांग. माझं नाव घेऊन सांग. शिव्या दिल्या तर त्या मला पोचव. पितृपक्षाआधी सांग, म्हणजे त्या माउलीचं कार्य थांबणार नाही.

पण सुलभा, चारच. किल्लेदाराची सून, गढीतला कारभारी, लमाणांची आणि पुराची. पुण्याचं पुस्तक मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि धाग्याचं तर तू मला याआधी कधी लिहिलंच नव्हतंस. माझ्या एकाही खुणेला धागा नाही.

जावईबापूंनी, तुझ्या सुधाकरांनी, किल्ली घेतली होती का? मंडळातल्या कुणी थट्टा केली असेल का? विचारून बघ. हे पत्र मिळाल्यावर लगेच उत्तर टाक. मला इथे चैन पडत नाहीये.

आत्या

---

उधना
२८ सप्टेंबर १९९५

ती. आत्या,

लगेच उत्तर टाकलं नाही, माफ कर. सगळं झाल्याशिवाय लिहवेना.

सुधाकरांना विचारलं. ते म्हणाले, तुझी किल्ली तुझ्या मंगळसूत्राबरोबर असते, मी कुठे घेऊ? मंडळातल्या माणसांना धोटा ऐकून ठाऊक आहे, पण धागा कुणालाच ठाऊक नाही.

पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी मी अनुसयेला समोर बसवलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चक्क हसली. म्हणाली, "माले माहीत व्हतं, ताई."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आत्या! सुकदेव पुस्तक वाचायला घेतलं की एकतिसाव्या पानावर धोटा काढायचा आणि त्याला धागा लावायचा. मागावर काम चालू आहे तोवर धोट्याला धागा असतोच ना. पुस्तक संपलं की धागा खोडायचा, मग खूण पुरी. तिने कपाटातली जुनी पुस्तकं काढून दाखवली. प्रत्येक धोट्याच्या टोकाशी खोडलेल्याचा फिकट डाग आहे. मी इतक्यांदा पाहिलं, मला कधी दिसला नाही. तुझ्या चारांत डाग नाही. "कोणी तरी मन्हासाठी इतला जीव लावस, मंग मी कशी नही वाचू?" असं म्हणाली. त्या खुणा सुकदेवच्या नाहीत हे जाणूनच ती तुझी पुस्तकं वाचत होती.

मग मी विचारलं, तर मग पुतळ्याला नाही का म्हणतेस? ती म्हणाली, त्याने आजवर एकही पुस्तक अर्धं टाकलं नाही. विणकराचं पुस्तक अर्धं घेऊन गेलाय. ते पुरं केल्याशिवाय तो जायचा नाही, आणि तो गेल्याशिवाय मी त्याला जाळायची नाही. आम्ही दोघी तुझ्या खुणांना दोष देत बसलो होतो, आणि हिचं सगळं त्या एका पुस्तकावर अडलं होतं.

मग तिने मला हळूच विचारलं, "धागावालं एखादं ऊनं का, ताई?" धाग्याचं एखादं आलं का?

मला खोटं बोलता येईना. कपाट उघडलं, एकतिसावं पान दाखवलं. तिने हात लावला नाही. वाकून तेलाचा वास घेतला, बराच वेळ. मग पदराने तोंड झाकलं. "वाची ऱ्हायना," म्हणाली. "वाचू द्या. कुलूप लावी टाका." चिंधाला तिने निरोप धाडला की सर्वपित्रीला ये, तोवर थांब.

ते दिवस कसे गेले ते विचारू नकोस. मी रोज वाचनालय उघडत होते, झाडत होते, आणि त्या कपाटाकडे पाठ करून बसत होते. कपाट उघडलं नाही, देवाशपथ. एवढंच सांगते, दुपारी सगळीकडचे लूम जेवणासाठी थांबले की आत पान उलटल्याचा आवाज यायचा. उंदीर असेल म्हणावं तर गेल्या वर्षापासून इथे उंदीर शब्द उच्चारायचीही भीती वाटते.

सर्वपित्रीला दुपारी ती आली. नवं लुगडं नेसली होती. चिंधा बाहेर पायरीवर बसला. मी कुलूप काढलं, पुस्तक टेबलावर ठेवलं, एकतिसावं पान उघडलं.

धागा नव्हता. धोट्याच्या टोकाशी फिकट डाग होता, आणि पानाच्या बेचक्यात रबराचा कीस.

मी खुर्ची धरली, तीच बाहेर ओढून ठेवलेली. अनुसया मात्र शांत होती. तिने त्या डागावर तळहात ठेवला, भाकरीवर ठेवतात तसा. म्हणाली, "व्हयनं त्यानं." झालं त्याचं. मग तिचा बांध फुटला. वर्षभराचं साठलेलं ती रडली आणि मीही तिच्याबरोबर रडले. बाहेर चिंधाने डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

रडून झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि मला विचारलं, तुम्ही वाचलं का हे? मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, "तो विणकर माघारे येस नही, ताई. त्यानं कापड येस. तिले कापड वयखू येस, आनि मंग ती दार लावी लेस." तो परत येत नाही. त्याचं कापड येतं. बायकोला ते ओळखू येतं आणि मग ती दार लावून घेते. तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं नाही.

निघताना तिने पेन्सिल मागितली. तुझी चारही पुस्तकं काढायला लावली आणि प्रत्येकात, तुझ्या धोट्याखाली, एक गोल टिंब काढलं. कुंकवाएवढं. ती तिची खूण. "आत्याबाईले सांगजा, पुरानं पुस्तक सगळामा भारी व्हतं. अजून धाडज्यात, मी गावले वाचसू." मग चिंधाबरोबर स्टेशनकडे गेली. परवा त्यांनी पुतळ्याला अग्नी दिला. तसा निरोप आलाय.

ती गेल्यावर मी पुस्तक हातात घेतलं. शेवटची पानं अजून चिकटलेलीच होती, आत्या. एकही सुटलेलं नव्हतं. पट्टी घेतली आणि एकेक कापत गेले. कागदाची कड कोरी, शुभ्र होती आणि आत बोट घालायलाही वाट नव्हती.

शेवटच्या पानावर जहाज येतं. विणकर उतरत नाही. एक खलाशी दारात कापडाचा तागा ठेवतो. बायको तो उजेडाकडे धरते, ओळखते. आणि दार लावून घेते.

तुझी
सुलभा